चंदावलीतले सर

कुठंही गेले की सर आधी बाहेर पडायची वाट बघून ठेवायचे. लग्नाला गेले तर मांडवाच्या मागच्या अंगाला, आचाऱ्यांची ये-जा असते तिथं बसायचे. बारामतीत थेटरला गेले तर कोपऱ्यातल्या दाराशेजारची खुर्ची. आमच्या स्टाफरूममध्ये त्यांची जागा खिडकीपाशी, एक पाय आखूड असलेल्या खुर्चीवर. मी नोकरीला लागले त्या दिवशी नेमकी त्याच खुर्चीत जाऊन बसले. ते आले, क्षणभर घुटमळले आणि म्हणाले, "बाई, ही मोडकी हाय. तुमी त्या चांगल्या खुर्चीत बसा." मला वाटलं, काय सभ्य माणूस आहे! दुपारी गणिताच्या सरांनी माझा भ्रम दूर केला. "सभ्य कसला हो! त्या खिडकीला गज नाहीत म्हणून तिथं बसतो. उद्या कॉलेजवर हल्ला झाला तर पहिली उडी ह्याची."

सगळे हसले. मीही हसले. नव्या नोकरीत कुणाकडे बघून हसायचं हे पहिल्या दिवशी कळलं की बरं असतं, आणि मला ते कळलं.

ही नव्वद सालानंतरची गोष्ट. आमचं ज्युनियर कॉलेज बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्यापासून जरा आत, माळावर होतं. नाव सांगत नाही, सांगून काही उपयोगही नाही. मी जळोचीहून सायकलवर फाट्यापर्यंत आणि पुढं जे वाहन मिळेल त्यानं जायची. मी मराठी शिकवायची. सर संरक्षणशास्त्र शिकवायचे. अकरावी-बारावीला असा एक विषय असतो हे मला तिथं जाईपर्यंत ठाऊक नव्हतं. रसद म्हणजे काय, वेढा कसा घालतात, हूल कशी देतात, तह कधी करायचा, असं सगळं त्यात. विषय घेणारी पोरं बहुतेक इंदापूर तालुक्यातली, सकाळी माळावर पळणारी, लष्कराच्या भरतीकडे डोळे लावून बसलेली. आणि शिकवणाऱ्यानं बंदूक फक्त प्रदर्शनात पाहिलेली! सर तीनदा भरतीला गेले होते आणि तिन्ही वेळा छातीत अर्ध्या इंचानं बाद झाले होते. हे ते स्वतःच सांगायचे. "फुगवून फुगवून डोळ्यांम्होरं अंधारी आली, पर अर्धा इंच काय भरंना. मग म्हणलं, लढता न्हाय येत तर निदान लढाई म्हंजे काय ते तरी शिकू."

अंगावर खाकीकडे झुकणारा मळकट सदरा आणि खिशात चिंचोके. चिंचोके खायला नव्हेत, शिकवायला. वर्गामागच्या व्हरांड्यात त्यांनी कऱ्हेची वाळू आणून एक तक्ता केला होता. लाकडी चौकट आणि तिच्यात वाळू. ती ओली करून ते डोंगर, खिंडी, नद्या उभ्या करायचे. चिंचोके म्हणजे पायदळ, हुलगे म्हणजे घोडदळ, सागरगोटे म्हणजे तोफा. कॉलेजातल्या मांजरीला तो तक्ता भलत्याच कामासाठी आवडायचा. सर रोज सकाळी चाळणी घेऊन वाळू साफ करायचे आणि तिला शत्रूची टेहळणी तुकडी म्हणायचे. प्राचार्य कुणा पाहुण्याला कॉलेज दाखवायला आणायचे तेव्हा त्या व्हरांड्याला वळसा घालून न्यायचे.

शब्दांच्या बाबतीत माणूस मुलखाचा हट्टी. निवडणुकीत कुणी आपटलं आणि कुणी सहज म्हणालं, "पानिपत झालं," की हे उठलेच. "पानिपत म्हंजे काय ठावं हाय का तुमाला? दाणावैरण तुटली, पोटाला न्हाय, तवा बाहेर पडलेली फौज. ह्येंचं काय तुटलं व्हतं? मटण तर शेवटच्या दिवसापातूर चालू व्हतं!" बुणगे हा शब्द कुणी शिवीसारखा वापरला तरी त्यांना राग यायचा. बुणगे म्हणजे फौजेच्या मागं चालणारे आचारी, धोबी, घोड्यांना खरारा करणारे, बायकापोरं. "इतिहासवाले बुणग्यांस्नी हासत्यात. तुमचा सेनापती काय वारा खाऊन लढत व्हता?" असं म्हणताना त्यांचा आवाज इतका चढायचा की प्राचार्यांचा शिपाई डोकावून जायचा.

घर शेळगावचं. आजोबांपर्यंत मेंढरं होती, वडलांनी ती विकून कोरडवाहू जमीन केली. लहानपणी वाड्याबरोबर, म्हणजे कळप आणि बिऱ्हाड घेऊन, कोस कोस चाललेलं त्यांना आठवायचं. रसदेचा धडा ते तिथूनच सुरू करायचे. "म्होरं मेंढरं, मधी घोड्यावर बिऱ्हाड, आन समद्यांच्या मागं माझी आज्जी. मागं का? लंगडं, गाभण, नवं कोकरू, जे काय ऱ्हातं ते मागंच ऱ्हातं. म्होरं चालणाऱ्याला नुसता रस्ता दिसतो. मागच्याला जनावर दिसतं." मी शेजारच्या वर्गात कविता शिकवत असायची आणि माझी पोरं कविता सोडून हे ऐकत बसायची. माझं टाळकं फिरायचं. दोनदा मी खिडकीतून "सर, जरा हळू!" म्हणून ओरडलेही आहे.

एक धडा मात्र ते दर जानेवारीत नेमानं घ्यायचे. पुस्तकात त्याला दोन ओळी होत्या, सर त्यावर चार दिवस घालवायचे. पळ कशाला म्हणायचं आणि माघार कशाला, हा तो धडा. "पळ म्हंजे ज्यो त्यो आपापला. माघार म्हंजे ठरवून, वळीनं, आन मागं कुणीतरी शत्रूला थोपवून धरलेलं. मागं थांबणारं कुणी नसंल तर तुमी त्याला कायबी नाव द्या, त्यो पळच." फौजेच्या पुढच्या तुकडीला हरावल म्हणतात आणि सगळ्यात मागच्या, पिछाडी राखणाऱ्या तुकडीला चंदावल, हे मला भिंतीपलीकडून कळलं. ते पोरांना विचारायचे, "चंदावलीत कुणाला ठिवायचं?" पोरं एका सुरात म्हणायची, "सगळ्यात शूर!"

"न्हाय. शूर माणूस चवताळून म्होरं घुसतो आन मरतो. ज्याला घरी जायची घाई न्हाय, त्याला ठिवायचं."

एका पोरानं एकदा विचारलं की सर, ह्या लोकांची नावं पुस्तकात का नसतात.  सर म्हणाले, "लिवणारा आघाडीसंगं घरी गेलेला असतो, बाबा."

आता मूळ गोष्टीकडे येते. इतका वेळ टाळत होते.

आमचं कॉलेज विनाअनुदानित. दर एप्रिलात आम्हाला कमी करायचे आणि जूनमध्ये पुन्हा घ्यायचे. सलग नोकरी झाली तर कायम करावं लागेल, म्हणून ही युक्ती. त्याला 'ब्रेक' म्हणायचे. उन्हाळ्याचे दोन महिने जीव टांगणीला. जूनमध्ये नेमणुकीचा कागद येतो की नाही, ह्याच काळजीत मे महिन्याचे आंबेसुद्धा गोड लागायचे नाहीत. कागद संस्थेच्या सचिवांच्या हातून मिळायचा. त्यांना सगळे तात्या म्हणायचे. तात्यांच्या घरच्या लग्नात आम्ही शिक्षकांनी पंगती वाढल्या आहेत. मी स्वतः जिलेबी वाढली आहे, माझ्याच विद्यार्थ्यांच्या पानात. वडील अर्धांगानं अंथरुणाला खिळलेले, घर माझ्या एकटीवर. वाढणार नाही तर काय करणार!

ब्रेकवाले आम्ही नऊ जण. त्यांत पुढारी गणिताचे सर, तरणेबांड आणि बोलायला फर्डे. एका फेब्रुवारीत त्यांच्या डोक्यात आलं की बारावीची परीक्षा तोंडावर आहे, आत्ताच काम बंद करून फाटकापाशी बसायचं आणि तात्यांच्या विरुद्ध पुण्याला अर्ज धाडायचा. "नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही," असं ते म्हणाले आणि आम्ही माना डोलावल्या. फक्त सरांनी डोलावली नाही. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या.

"रसद किती दिवसांची हाय? म्हंजे घरी न कमावता कोण किती दिस दम काढंल? अर्ज कुणाच्या हाती पडंल? आन न्हाय जमलं, तर मागं कसं यायचं?"

"सर, लढाईला निघताना कुणी मागं यायचं विचारतं का?" गणिताचे सर हसून म्हणाले.

"ज्यो इचारत न्हाय त्याच्या फौजेचं वाटुळं हुतं. लढाई सुरू कोणबी करतं वो."

आता एक सांगायला हवं. सरांच्या पदाला अकरा वर्षांनी पुण्याहून मान्यता यायच्या बेतात होती. जूनमध्ये ते कायम होणार, हे सगळ्या कॉलेजला माहीत होतं. आम्हा नवांत घालवण्यासारखं खरं काही असलं तर ते त्यांच्याकडेच. आणि मी, ज्यांनी माझं काही वाकडं केलं नव्हतं अशा माणसाला, सगळ्यांसमोर म्हणाले, "सर, तुमचं जूनमध्ये काम होतंय म्हणून पाय मागं येताहेत ना? चिंचोक्यांची लढाई सोपी असते."

कुणी हसलं नाही. सर हातातल्या चिंचोक्याकडे बघत होते.

"सोपी असती, बाई," ते म्हणाले. "चिंचोक्याला घर नसतं." मग चिंचोका खिशात टाकून म्हणाले, "बरं, मी बी येतो. नवाचं आठ नगं."

अर्ज गणिताच्या सरांनी सांगितला आणि मी लिहिला. तात्या शिक्षकांना घरकामाला जुंपतात, ब्रेक देतात, दमदाटी करतात, असा तीन पानी अर्ज. खाली सही, 'एक त्रस्त शिक्षक'. माझं अक्षर मोत्यासारखं, आणि कॉलेजातला प्रत्येक फलक, प्रत्येक मानपत्र त्याच अक्षरातलं. एवढी साधी अक्कल नको का? नव्हती. सर म्हणालेही होते, "टायपिंग करून घ्या. हात वळखत्यात." गणिताचे सर म्हणाले, "हातानं लिहिलेलं काळजाला भिडतं." भिडलं ते भलत्याच्याच काळजाला.

आम्ही फाटकाजवळच्या लिंबाखाली ताडपत्री टाकून बसलो. पहिले दोन दिवस जत्रा होती. पालक पाणी आणून द्यायचे, पोरं घोषणा द्यायची. माळेगावला ऊस घेऊन निघालेल्या बैलगाड्या रस्त्यानं जायच्या. एका गाडीवानानं थांबून विचारलं, "हितं भजन हाय का कीर्तन?" त्यावर आम्ही पोट धरून हसलो. पाचव्या दिवशी पालक येऊन तावातावानं बोलायला लागले. पोरांची परीक्षा, तुमचं नंतर बघा. सातव्या दिवशी घोषणा द्यायला कुणी उरलं नाही. इंग्रजीच्या बाई माळेगावहून सहा महिन्यांचं मूल घेऊन यायच्या. त्या मुलाला उन्हाचा ताप चढला आणि बाई नुसत्या रडत राहिल्या. सर सगळ्यात मागं, ताडपत्रीच्या काठावर बसायचे. एकदाही "मी म्हणलं व्हतं" असं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

नवव्या दिवशी शिपाई निरोप घेऊन आला. पुण्याच्या हापिसानं आमचा अर्ज जसाच्या तसा तात्यांकडेच खुलाशासाठी पाठवून दिला होता. तात्यांचा निरोप असा: ज्यानं लिवलं त्याचं नाव उद्या सकाळी कळलं पायजे. त्यो एकटा घरी जाईल, बाकीच्यांस्नी जूनला कागद. न्हायतर नवाच्या नऊ घरी.

गणिताचे सर एवढा बोलका माणूस, पण ते ताडपत्रीची घडी घालायला लागले. आणि पहिल्यांदाच सगळ्यांनी सरांकडे बघितलं. सर उठले, आम्हाला व्हरांड्यातल्या तक्त्यापाशी घेऊन गेले. वाळूत बोटानं फाटक काढलं, मैदान काढलं, तात्यांची खोली काढली. खिशातून चिंचोके काढून मांडले.

"घोळक्यानं जायचं न्हाय. घोळक्यातला एक तुटला की समदे पळत्यात. एकामागं एक जायचं. माफी मागायची न्हाय, रडायचं न्हाय. 'मी कामावर हजर हुतोय' येवढाच कागद द्यायचा आन भितीला उभं ऱ्हायाचं. पयल्या इंग्रजीच्या बाई, त्यांचं लेकरू लहान हाय." असं करत त्यांनी आठ चिंचोके एकेक करून खोलीपर्यंत नेले. मी पाचवी होते. गणिताचे सर आठवे. नववा चिंचोका फाटकाजवळच राहिला. त्याचं काय, हे कुणी विचारलं नाही.

मला कळलं होतं. खोटं कशाला बोलू? मी दर जानेवारीत भिंतीपलीकडून चार चार दिवस ऐकलेलं होतं. गणिताच्या सरांनाही कळलं असणार, कारण ते एकदम उत्साहानं म्हणाले, "वा सर! छान योजना आहे." आणि पाण्याची बाटली उचलून निघाले.

सकाळी आम्ही सांगितल्यासारखे गेलो. एकेक कागद तात्यांच्या टेबलावर ठेवला आणि भिंतीला उभे राहिलो. सगळ्यात शेवटी सर आले आणि दारातच थांबले. तात्यांनी खणातून अर्ज काढला, चष्मा लावला, पहिलं पान वरखाली केलं.

"अक्षर लई झ्याक हाय. वळखीचं वाटतंय."

आणि माझ्याकडे बघितलं. मला वडील दिसले, त्यांची खाट दिसली, त्यांच्या तोंडातून ओघळणारी पेज दिसली. 'मी लिहिलं' हे दोन शब्द. दोनच! मी टेबलावरच्या आमच्या कागदांकडे बघत राहिले. शेजारी गणिताचे सर मनगटावरच्या घड्याळात बघत होते.

"तात्या, त्यो अर्ज माझा हाय," सर दारातून म्हणाले.

"तुमचा? मास्तर, तुमचं अक्षर म्हंजे कोंबडीनं उकरलेलं."

"म्हणूनच तर. इंदापूरला कचेरीभायेर अर्ज लिवणारे बसत्यात. मी सांगितलं, त्यानं लिवलं. ह्या लोकांस्नी त्यातलं काय ठावं न्हाय."

तात्यांनी माझ्याकडे बघितलं, मग सरांकडे. तात्या काही खुळे नव्हते. त्यांना सगळं समजलं होतं. पण जिची मान्यता यायची आहे ती जागा आयती मोकळी होत होती. मराठीची पोरगी घालवून काय मिळणार होतं? त्यांनी अर्ज घडी करून खणात ठेवला.

"मास्तर, जूनमधी तुमचं काम व्हत व्हतं की वो."

"व्हय."

एवढंच म्हणाले. मग आमच्याकडे वळून, वर्गात पोरांना सांगतात त्या आवाजात म्हणाले, "चला, तुमी व्हा म्होरं. तास हाईत. मागं बघू नका."

आम्ही त्यांच्या अंगावरून दाराबाहेर पडलो. मी मागं बघितलं नाही. त्यांनी शिकवलेल्यातलं तेवढं एकच मी तंतोतंत पाळलं.

जूनमध्ये आठही जणांना कागद मिळाले. संरक्षणशास्त्र बंद झालं. तात्यांना त्या जागेवर कुणाला आणायचं होतं ते काही जमलं नाही, आणि विषय घेणारी पोरं दुसरं काही नाही म्हणून मराठीच्या वर्गात येऊन बसली. त्यामुळं माझे तास पूर्ण भरले. तास भरले म्हणून माझ्या पदाला मान्यता आली आणि दोन वर्षांत मी कायम झाले. म्हणजे कुणाच्या जागेवर कायम झाले हे मला चांगलं समजतं. त्या दिवशी मी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. शिपायानं तक्त्यातली वाळू केव्हाच बांधकामावर नेऊन टाकली होती.

आठातले तिघे पुढच्या दोन वर्षांत गळाले. तात्यांचा शब्द तेवढाच. इंग्रजीच्या बाई त्यांतल्या एक, त्यांच्या जागी तात्यांची भाची आली. गणिताचे सर उपप्राचार्य झाले. ह्या सगळ्या काळात मी शेळगावला एकदाही गेले नाही. दर दिवाळीला ठरवायची, की ह्या सुट्टीत जायचंच. यष्टीनं फार तर दीड तासाचा रस्ता. कानावर यायचं ते असं की सर कुणाच्या तरी द्राक्षबागेवर गोफण घेऊन पाखरं हाकायला बसतात, आणि गावातली पोरं त्यांना फिल्डमार्शल म्हणून चिडवतात. हे नाव आमच्या स्टाफरूममधूनच गेलेलं.

पाच-सहा वर्षांनी मतदारयाद्यांचं काम आलं. आम्हा शिक्षकांच्या पाचवीलाच पुजलेलं असतं ते. मला नेमकं शेळगाव मिळालं. मी तहसीलमध्ये जाऊन बदलून द्या म्हणून विनवणी केली. कारकून म्हणाला, "का बाई, तिथं काय वाघ हाय?"

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या घरापाशी आले. पत्र्याच्या दोन खोल्या, पुढं ओटा. वहिनी तूर पाखडत होत्या. सर भिंतीला टेकून बसले होते. केस पांढरे झालेले, गालफडं बसलेली. मला बघून ते लगबगीनं उठले, जसं काही मी मोठी पाहुणी आहे.

"या बाई, या. किती वर्सांनी! अगं, चहा ठिव."

मी नावं लिहिली, वयं लिहिली. नेहमीचं अक्षर येईना. प्रवासभर घोकून आलेलं वाक्य मला बोलायचं होतं. सर, मला माफ करा, अर्ज मी लिहिला आणि गप्प राहिले. ते ओठावर येतंय तोवर त्यांनीच विचारलं.

"समदी हाईत नव्हं बाई? आठच्या आठ?"

त्यांचा चेहरा फार उत्सुक होता.

"हो सर," मी म्हणाले. "आठही आहेत. सगळे कायम झाले."

"इंग्रजीच्या बाई?"

"त्याही. मुलगा शाळेत जातो आता. कॉलेजात आणतात कधीकधी."

"ब्येस झालं," सर म्हणाले आणि खूप वेळ मान हलवत राहिले. "एक बी माणूस न गमावता माघार. पुस्तकात बी लई कमी सापडत्यात, बाई."

चहा झाला. माफीचं वाक्य तसंच राहिलं. आता ते कुठल्या तोंडानं बोलणार होते मी? मी कागद पुढं केला, "इथं सही करता का सर?" म्हणाले. त्यांनी केली.

वहिनी मला फाट्यापर्यंत सोडायला आल्या. अर्ध्या वाटेवर पदर सावरत म्हणाल्या, "बाई, त्यास्नी ठावं हाय."

"काय?"

"त्या इंग्रजीच्या बाई काढल्यावर हितं आल्या व्हत्या, पोराला घिऊन. दिसभर रडल्या. आनखी दोघांस्नी काढलं ते बी त्यांनीच सांगितलं. त्या दिसापासनं ह्ये जेवायला बसलं की मधीच उठत्यात."

माझे पाय थांबले. "मग मला काही बोलले का नाहीत?"

"काय बोलत्याल? तुमी येवढं त्वांड भरून सांगत व्हता." वहिनींच्या आवाजात राग नव्हता. असता तर सोसला असता. "आता आतल्या खोलीत जाऊन बसलं असत्याल. तुमच्या म्होरं न्हाय रडायचे."

घर मागं दिसत होतं, हाकेच्या अंतरावर. ओटा रिकामा होता. लांबून रस्त्यावर धूळ उठली आणि यष्टी दिसली. "थांबा की घटकाभर," वहिनी म्हणाल्या, "भाकरी टाकते. मागनं अजून एक गाडी हाय."

"नको वहिनी, उशीर होईल," मी म्हणाले आणि गाडीला हात केला.